शेवटी उठणारी

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई हातानं माझी बॅग भरत होती आणि तोंडानं सूचना. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा होती, सूचनांना नव्हती. ताटात टाकू नकोस. आवडलं नाही तरी तोंड वाकडं करू नकोस. न सांगता कुठे जाऊ नकोस. मग हातातला टॉवेल बाजूला ठेवून, म्हणजे आता मुद्द्याचं, ती म्हणाली, "आणि हे बघ. दुसऱ्याच्या घरी शेवटी उठायचं नाही. घरातली बाई उठायच्या आत आंघोळ, वेणी सगळं आटपून खाली हजर. पांघरुणाची घडी घालून. माझं नाक कापू नकोस."

बाबा पेपराआडून हसले. हसण्यासारखंच होतं ते. आमच्या घरात सोळा वर्षं शेवटी उठण्याचा मान माझ्याकडे होता. आईनं पहिली हाक मारली की मी म्हणायचे, "अजून पाच मिनिटं." दुसऱ्या हाकेलाही तेच. तिसऱ्या हाकेला पांघरूण ओढलं जायचं. माझ्या चुलतभावानं, दादानं, माझं नावच 'पाच मिनिटं' पाडलं होतं आणि भर लग्नातसुद्धा तो मला त्याच नावानं हाक मारायचा.

पण दादाला फार बोलायला जागा नव्हती. वर्षभर परदेशातल्या एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्या शाळेत शिकायचं, अशी सोय करणाऱ्या ज्या संस्थेतर्फे मी निघाले होते, तिच्याचतर्फे तोही तीन वर्षांपूर्वी गेला होता. अकराव्या दिवशी परत आला. "नाही जमलं," एवढंच म्हणाला. अजूनही घरात एखादी नवी वस्तू बिघडली की काका म्हणतात, "अकरा दिवस तरी चालली ना?" सगळे हसतात, दादाही हसतो, पण त्याचे कान लाल होतात. मला ते लाल कान नको होते. दोन वर्षं बाबांशी भांडून मी परवानगी मिळवली होती. काय वाटेल ते होवो, बारावा दिवस मी तिथे काढणारच होते.

आणि त्यात एक अडथळा होता. संस्थेचा नियम असा, की पहिला आठवडा परीक्षेचा. पोचल्याचा दिवस सोडून आठव्या दिवशी संस्थेच्या बाई घरी येणार, एक कागद त्या कुटुंबानं भरायचा, एक आपण. शेवटचा प्रश्न दोन्हीकडे तोच: पुढे एकत्र राहायचं का? होय किंवा नाही. कुणाही एकाचं 'नाही' आलं की मुलगी दुसऱ्या घरी. दुसरं घर नसेल तर परत. आमच्या गटातल्या सगळ्यांत छोट्या गावात माझी नेमणूक झाली होती आणि तिथे दुसरं घर नाही, हे बाईंनी मला विमानतळावरच सांगून टाकलं. चांगल्या मनानं सांगितलं, पण मी तिथपासूनच दिवस मोजायला लागले.

सव्वीस तासांच्या प्रवासानंतर शनिवारी दुपारी मी त्या घरी पोचले. घरात तिघं. घरातल्या बाई शाळेची बस चालवायच्या. त्यांचे यजमान सुतार होते, घराला लागूनच त्यांचं काम करायचं छप्पर होतं, तिथे दारं, खिडक्या, कपाटं भिंतीला टेकून उभी असायची. आणि आठ वर्षांची मुलगी, तिला सगळे पिटुकली अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचे, म्हणून मीही मनात पिटुकलीच म्हटलं. बाई म्हणाल्या, मला नावानं हाक मार. माझी जीभ वळेना. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची म्हणजे काय! मी सांगितलं, आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, तसं म्हणू का? त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मावशी. मग मान हलवली. त्यांचे यजमान अर्थातच काका झाले.

काकांनी माझ्यासाठी पलंग केला होता. अर्जात उंची विचारली होती, मला वाटलं असेल काहीतरी सरकारी. त्या उंचीत एक वीत घालून त्यांनी तो बेतला होता. "वर्षभरात वाढशील," ते म्हणाले. ताज्या लाकडाचा वास येत होता, खाली कपड्यांसाठी मोठा ड्रॉवर होता. मी पलंगाकडे बघितलं आणि मला रडू येईल असं वाटलं, कारण मला फक्त झोपायचं होतं. पण आधी जेवण झालं, मग घर दाखवणं झालं, मग पिटुकलीनं तिच्या सगळ्या बाहुल्यांची ओळख करून दिली. मी हसत होते. परकी भाषा वर्गात शिकणं वेगळं आणि दिवसभर तिच्यात हसणं वेगळं. दुसऱ्याच्या चपला घालून चालत राहिल्यासारखं वाटतं. पाठ टेकली तेव्हा गाल दुखत होते.

रविवारी सकाळी साडेसहाला मी आंघोळ करून, घट्ट वेणी घालून, पांघरुणाची चौकोनी घडी करून खाली स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरात चिडीचूप. टेबल रिकामं, शेगडी थंड. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि मनातल्या मनात आईकडून शाबासकी घेतली. सातच्या सुमारास वर धावपळ ऐकू आली आणि मावशी रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून, केस चारी दिशांना, अशा खाली आल्या. मला बघून दारातच थांबल्या.

"तू कधीची बसली आहेस?"

"थोडाच वेळ झाला."

"भूक लागली होती? काही हवं होतं?"

"नाही नाही. मी ठीक आहे."

त्यांनी घाईघाईनं दूध तापत ठेवलं. सारखं माफ कर, माफ कर म्हणत होत्या. मला वाटलं, इथे हे बोलायची पद्धत असेल. त्यांचा चेहरा तेव्हा मी नीट बघितला असता तर पुढचा आठवडा वाचला असता. पण मी त्या वेळी माझ्या वेणीवर खूश होते.

सोमवारी शाळा होती. सहाचा गजर लावला, वीस मिनिटांत खाली उतरले, तर मावशी हजर. बसवाल्यांचं निळं जाकीट घातलेलं, टेबलावर पाव, अंडं, कापलेलं सफरचंद, माझ्या बशीशेजारी घडी घातलेला रुमाल. माझ्याकडे बघून त्या अशा काही प्रसन्न हसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघ, ही बाई कामावर जाणारी, पहाटे उठून तुझं खाणं मांडते आणि तू आपली राणीसारखी सहा वीसला उतरतेस. मी खाली मान घालून अंडं गिळलं आणि कानाला खडा लावला.

मंगळवारी साडेपाच. मी पहिली. टेबल पुसलं, चार बश्या मांडल्या, पाव काढून ठेवला. पंधरा मिनिटांनी मावशी जिन्यावरून धडधडत आल्या, एका पायात मोजा होता, दुसरा हातात. मांडलेल्या बश्या त्यांनी एकदा मोजल्या आणि दूध तापत ठेवलं. बुधवारी मी सव्वापाचला उतरले, तर मावशी आधीच शेगडीपाशी, डोळे सुजलेले, चेहऱ्यावर तेच प्रसन्न हसू. गुरुवारी पावणेपाच, मी. त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की भिंतीतला पाण्याचा नळ त्यांच्या उशाशी घरघरतो, तेव्हा मी आंघोळ संध्याकाळवर टाकली आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बाटलीनं तोंड धुतलं. जिन्याची वरून पाचवी पायरी करकरायची, तिच्यावरून उडी मारून उतरायचे. परक्या देशात जाऊन मी काय शिकले असेन तर चोरासारखं चालायला.

दिवसा मात्र माझी अवस्था वाईट होती. वर्गात शिक्षकांचं बोलणं आधी शब्दशब्द कळायचं, मग तुकड्यातुकड्यानं, मग नुसता आवाज. गुरुवारी गणिताच्या तासाला मी वहीवर डोकं टेकलं ते घंटेलाच उचललं. गालावर वहीच्या रेघा उमटल्या होत्या. सरांनी रागावायला हवं होतं, म्हणजे मला कळलं असतं काय करायचं. त्यांनी फक्त हळू आवाजात विचारलं, "घरी झोप होते का तुझी?" मी म्हटलं, "होते." संध्याकाळी त्यांचा घरी फोन गेला.

त्याचा परिणाम काकांवर झाला. जेवणानंतर ते रंधा आणि पट्टी घेऊन माझ्या खोलीत आले. गादी उचलली, फळ्यांवरून तळवा फिरवला. "इथे टोचतं का? इथे? आवाज येतो का रात्री?" मी म्हटलं, "काका, पलंग फार छान आहे." ते माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत राहिले. त्यांचा विश्वास बसला नाही. दोन फळ्या काढून त्यांनी पुन्हा घासल्या, कोपरे गोल केले, दुसरी गादी आणून घातली. एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर बसून माझ्यासाठी लाकूड घासतोय आणि मी उभी. सांगावंसं वाटत होतं, की काका, दोष पलंगाचा नाही, मी त्याच्यावर फारशी असतेच कुठे. पण मग का नसतेस, हा पुढचा प्रश्न आला असता. आणि तुमच्या घरच्या वेळा मला झेपत नाहीत, हे मी जीव गेला तरी सांगणार नव्हते. दादाचे लाल कान डोळ्यांपुढे होते.

शुक्रवारी साडेचारला मी खोलीचं दार उघडलं आणि त्याच क्षणी समोरचं दार उघडलं. मावशी. त्यांच्या हातात बूट, माझ्या हातात बूट.

"सुप्रभात," मी कुजबुजले.

"सुप्रभात," त्या कुजबुजल्या.

आता परत कोण जाणार? दोघी एकामागून एक खाली उतरलो. पाचव्या पायरीवरून मी उडी मारली आणि माझ्यामागून त्यांनीही. साडेचार वाजता समोरासमोर बसून आम्ही पाव खाल्ला. त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, माझ्याही नाही. मला आठवतंय, मी त्यांच्याकडे बघून मनात म्हटलं होतं, काय लोखंडी बाई आहे ही.

त्याच सकाळी बस चुकली. म्हणजे बस होती, आम्ही बसमध्येच होतो, मी नेहमीसारखी त्यांच्या मागच्या सीटवर. पण एका थांब्यावर तीन मुलं दप्तरं घेऊन उभी होती आणि मावशी त्यांच्यासमोरून तशाच पुढे निघून गेल्या. मागून पोरं ओरडली तेव्हा त्यांनी करकचून ब्रेक दाबला. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. घाबरलेले होते. त्या खाली उतरून चालत मागे गेल्या, तिन्ही मुलांना हाताला धरून घेऊन आल्या. सगळ्यांत लहान पोर रडत होतं, त्याचं नाक त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं. संध्याकाळी आगारातून फोन आला. मावशी उभ्यानं बोलत होत्या, "हो. हो. माझीच चूक. नाही, पुन्हा नाही होणार." फोन ठेवून त्या सिंकपाशी गेल्या आणि धुतलेल्याच बश्या पुन्हा धुवायला लागल्या. पिटुकलीनं मला सांगितलं, "चौदा वर्षांत पहिल्यांदा."

शनिवारी दुपारी घरी फोन केला. आईचा पहिला प्रश्न, "लवकर उठतेस ना?"

"हो."

"त्यांच्या आधी?"

"बहुतेक वेळा."

"शहाणी गं माझी." तिच्या आवाजातला अभिमान ऐकून मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. हे असं का वाटलं याची मलाच भीती वाटली, म्हणून मी आणखी गोड बोलले. सगळं मस्त आहे, माणसं मस्त आहेत, मी मस्त आहे. मग दादानं फोन घेतला. "काय गं पाच मिनिटं," तो म्हणाला, आणि पुढे चिडवलं नाहीच. आवाज खाली आणून विचारलं, "झोप लागते का तिथे?"

"लागते की."

"मला नाही लागायची," दादा म्हणाला. तीन वर्षांत त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घाईनं फोन ठेवला.

मग मी माझा कागद भरायला बसले. काय आवडलं, यावर पलंग लिहिलं, पिटुकली लिहिलं. काय अवघड गेलं? खूप विचार केला आणि जपून लिहिलं: 'मावशी फार लवकर उठतात. मला हळूहळू सवय होईल.' शेवटच्या प्रश्नाला 'होय'वर खूण केली, एवढी दाबून की ती मागच्या पानावर उमटली.

कागद घडी करून मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला मागच्या दारी गेले. दोरी काकांच्या छपराला लागूनच होती. आत करवतीचा आवाज चालू होता, तो थांबला आणि मावशींचा आवाज आला.

"माझ्याच्यानं नाही होत. उद्या बाईंना सांगून टाकते."

"पोरगी चांगली आहे," काका म्हणाले.

"चांगली आहे म्हणूनच. तिला का त्रास?"

आठवडाभरात पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं शब्द न् शब्द कळलं. हातातली चादर मी पुन्हा दोरीवर टाकली आणि पुन्हा काढली. एवढं करून? एवढं मरमर करून हेच? राग आला मला, खरं सांगते. त्यांचा आला, आईचा आला, त्या बिचाऱ्या वेणीचासुद्धा आला. आठवा दिवस. म्हणजे मी दादाचाही विक्रम मोडणार होते. आता आमच्या घरात काही बिघडलं की दादाचे बाबा कुणाचं नाव घेतील, या विचारानं मी चादरीत तोंड लपवलं.

जेवताना ठरवलं, की एक दिवस अजून हातात आहे. उद्या चारला उठायचं. मावशींच्या कितीतरी आधी. स्वयंपाकघर लखलखीत करायचं, दूध तापवायचं, सगळ्यांसाठी टेबल मांडायचं. अशा मुलीला कोण 'नाही' म्हणेल?

त्या दिवसांत तिथे फार लवकर उजाडायचं. चारला मी उठले तेव्हा खिडकीत राखाडी उजेड होता. डोकं दगडासारखं झालं होतं. वेणी घालताना दोनदा पेड चुकले. बूट हातात घेऊन पाचवी पायरी चुकवत खाली आले, आणि दारातच थबकले.

मावशी टेबलाशी होत्या. टेबल मांडलेलं होतं, बश्या, रुमाल, सफरचंदाच्या फोडी काळ्या पडायला लागलेल्या. म्हणजे त्या तीनलाच उठल्या असणार. आणि खुर्चीत बसल्या बसल्या, रविवार असूनही निळं जाकीट अंगात, गाल हातावर टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं. गजराचं घड्याळ मुठीत धरलेलं. एरवी लोखंडी वाटणारी बाई झोपेत पिटुकलीसारखी दिसत होती.

त्यांच्या कोपराखाली कागद होता. संस्थेचा. दुसऱ्याचं वाचू नये हीसुद्धा आईची सूचना होतीच, पण त्या क्षणी मी ती पाळली नाही. ऐकण्यापेक्षा वाचणं मला सोपं जायचं. काय अवघड गेलं, या प्रश्नाखाली बसच्या नोंदवहीत लिहितात तशा उभ्या, मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं:

'ती फार लवकर उठते. बहुधा तिच्या घरी सगळे तसेच असतील. पहिल्या दिवशी ती थंड स्वयंपाकघरात एकटी बसलेली दिसली, मला फार लाज वाटली. माझ्या घरात मूल आईच्या आधी उठत नाही. मी तिच्या आधी उठून बघितलं, पण मला जमत नाही. आम्ही साडेसहाला उठणारी माणसं आहोत, रविवारी नऊला. मला बस चालवायची असते, त्यात दुसऱ्यांची मुलं असतात. दोष तिचा नाही. ती गुणी आहे. तिला लवकर उठणारं घर मिळावं.'

खाली होय आणि नाही, दोन चौकोन. दोन्ही रिकामे. पेन टोपण काढून शेजारी पडलेलं.

मी ते तीनदा वाचलं. लवकर उठणारी! मी! हसू इतकं जोरात आलं की मी तोंडात वेणी कोंबली, आणि मग हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींसाठी उठत होतो. एकीलाही उठायचं नव्हतं.

त्यांना उठवून सांगावं? मनात शब्द जुळवले. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी तुमचा कागद वाचला' अशीच होत होती. आणि बोलून पटलं असतं का? मी झोपाळू आहे हो, असं मी पहाटे चार वाजता वेणी घालून त्यांच्यापुढे उभी राहून सांगणार होते. आठवडाभर मी रोज उलटच सिद्ध केलं होतं. आता खरं दाखवायचा एकच मार्ग होता, आणि त्यात मी लहानपणापासून तरबेज होते.

आईनं सांगितलेलं मोडायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण संस्थेच्या बाई अकराला येणार होत्या. मी वर झोपलेली असताना मावशी जाग्या झाल्या, त्यांनी पेन उचललं आणि त्या दुसऱ्या चौकोनात खूण केली तर मला कळणारसुद्धा नव्हतं. खाली थांबले तर निदान टेबल पुसता आलं असतं, हसता आलं असतं, काहीतरी करता आलं असतं. हातपाय न हलवता पडून राहायचं याइतकं अवघड काम मला त्या आठवड्यात कुणी दिलं नव्हतं.

मी शेगडीपाशी अडकवलेली शाल त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि वर गेले. पाचवी पायरी चुकवून. वेणी सोडली. कपडे बदलले. काकांच्या पलंगावर, दोन गाद्यांवर, अंग टाकलं. पायांच्या पुढे ती एक वीत शिल्लक होती, मी वाढावं म्हणून ठेवलेली. तिच्याकडे बघत मी कान खाली लावून पडले. खुर्ची सरकते का, पेन वाजतं का. मग बहुधा माझं विचार करायचं राहून गेलं.

कुणीतरी पडदा सरकवला. डोळ्यांवर ऊन आलं. खांद्यावर हात होता, मोठा, स्टिअरिंगनं घट्टे पडलेला, आणि तो मला हळूहळू हलवत होता.

"अगं ऊठ. अकरा वाजले. ऐकतेस का? बाई आल्यासुद्धा."

मी खूप खोलवर होते. त्या खोलीत नव्हते, त्या देशातही नव्हते. मी भिंतीकडे तोंड केलं, पांघरूण कानांवर ओढलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या भाषेत बोलले.

"अजून पाच मिनिटं."

हात थांबला. त्यातला एक शब्दही त्यांना येत नव्हता. पण त्यांच्याही घरात आठ वर्षांची मुलगी होती. त्या हसल्या, नाकातून, दमलेल्या माणसासारख्या, आणि ते हसू लांबत गेलं. माझा उघडा पडलेला पाय त्यांनी पांघरुणात लोटला आणि पडदा पुन्हा ओढला.

मग जिना उतरण्याचा आवाज आला. पाचवी पायरी करकरली. त्यांनी या वेळी ती चुकवली नाही.

"काय झालं?" खालून काकांनी विचारलं.

"उठत नाहीये."

"मग पलंग बरा आहे," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. संस्थेच्या बाईंचा तो नीटनेटका आवाज ऐकू आला, मुलीला खाली बोलावता का, दोन्ही कागद समोर ठेवून बोलू या. मी डोळे मिटूनच ऐकत होते, श्वास धरून.

"बसा जरा," मावशी म्हणाल्या. "आमची मुलगी अजून उठलेली नाही."

मी कूस बदलली.